खरवईची पक्कड आणि १८५६ साल

खरवईतल्या एका घरातून आम्हाला बोलावणं आलं. ऐंशीच्या घरातल्या काकांनी फडक्यात गुंडाळलेलं एक हत्यार पुढ्यात ठेवलं. "सर, हे आमच्या पणजोबांचं. बदलापुरावरून रेल्वे नेली, तेव्हाचं." कल्याणच्या पुढे खोपोलीपर्यंतची लाइन सुरू झाली १८५६ साली. म्हणजे हत्यार जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचं ठरायला हवं.

आम्ही वय नंतर विचारतो, काम आधी. दिसायला ही पक्कड. पण डोक्याच्या एका बाजूला हातोडीसारखं सपाट तोंड, दुसऱ्या बाजूला वाकडी, अणकुचीदार चोच, आणि सांध्यापाशी दोन्हीकडे तार तोडायच्या खाचा. चोच कशासाठी? लाकडी खांबात ठोकलेला यू-आकाराचा खिळा उचकटायला. तोडणं, उपटणं, ताणणं, ठोकणं, सगळं एकात. ही कुंपणाची पक्कड. आणि तारेचं कुंपण जगभर पसरलं ते अमेरिकेत जोसेफ ग्लिडन यांना १८७४ साली काटेरी तारेचं पेटंट मिळाल्यानंतर. इथेच १८५६ डळमळलं.

मग दांडा रॉकेलच्या बोळ्याने पुसला. 'ब्रिटिश पेटंट' आणि सहा आकडी क्रमांक दिसला. ब्रिटनमध्ये १९१५ पर्यंत पेटंटचे क्रमांक दरवर्षी एकपासून सुरू होत. १९१६ पासून ते १,००,००१ पासून सलग चालू झाले. म्हणजे हा शिक्का १९१६ च्या आधीचा नाही.

नातू हसला, "सर, शेजारी उल्हासनगर आहे. शिक्क्यावर काय विश्वास ठेवता?" शंका रास्तच. पण बघा, शिक्का खोटा धरला तरी तो १९१६ नंतरचाच खोटा! शिवाय चोच आणि खाचा शिक्क्याला विचारून बनलेल्या नाहीत. त्यांची साक्ष वेगळी.

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे आमचे आजोबा खोटं सांगत होते?"

नाही. हत्यार कधी बनलं, घरात कधी आलं आणि पणजोबा रेल्वेवर होते का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. आम्ही फक्त पहिल्याचं उत्तर दिलं, तेही अर्धंच: कधीच्या आधीचं नाही, एवढंच. पणजोबांच्या रेल्वेबद्दल ही पक्कड हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. तिथे कागद शोधायला हवा.

काकांनी वही काढली. एका पानावर घरात ऐकलेलं लिहिलं, समोरच्या पानावर लोखंडावर वाचलेलं. आपणही तसंच करावं. आणि कृपा करून जुन्या हत्याराला पॉलिश पेपर लावू नका; गंजाबरोबर शिक्काही जातो.