डेकची भिंतजोडणी

अमेरिका आणि कॅनडातील घरांच्या मागच्या अंगाला असलेल्या लाकडी, उंच ओट्याला डेक म्हणतात. त्याची बाहेरची बाजू खांबांवर उभी असते, तर आतली बाजू बहुधा घराच्या भिंतीला बसवलेल्या आडव्या फळीवर पेललेली असते. ही फळी म्हणजे लेजर. डेक कोसळतो तेव्हा खांब मोडण्यापेक्षा लेजर भिंतीपासून सुटल्याचेच अधिक वेळा आढळते.

जुन्या डेकांत ही फळी अनेकदा नुसत्या खिळ्यांनी ठोकलेली असते. डेकवर माणसे जमली, हलली की लेजर खाली दाबली जाते, शिवाय भिंतीपासून बाहेरही ओढली जाते. खिळा खालचा भार बऱ्यापैकी सोसतो. सरळ ओढ बसली की मात्र तो लाकडातून सुटत जातो. म्हणून अमेरिकेतील आदर्श निवासी बांधकाम संहिता, आयआरसी, अशी ओढ सोसणाऱ्या खिळ्यांवर लेजर टांगू देत नाही. अर्धा इंच जाडीचे बोल्ट किंवा लॅग स्क्रू वॉशर घालून, वरखाली दोन ओळींत, घराच्या मजल्याच्या कडेच्या तुळईत बसवायचे असतात. त्यांच्यातील अंतर डेकच्या वाशांच्या लांबीवरून ठरते. शोभेच्या विटांच्या थरावर लेजर कधीही टांगू नये. तो थर असा भार घेण्यासाठी बांधलेलाच नसतो.

दुसरा शत्रू पाणी. फळीच्या माथ्यावर पत्र्याची पट्टी नसेल, तर पाऊस फळीमागे मुरतो आणि तुळई आतून कुजते. 2003 अखेर अमेरिकेत घरगुती लाकडासाठी कूज रोखणारी आर्सेनिकयुक्त प्रक्रिया थांबली. त्यानंतरच्या तांबेबहुल प्रक्रियेच्या लाकडात साधे पोलाद लवकर गंजते, म्हणून बोल्ट गरम जस्तलेपाचे किंवा स्टेनलेस हवेत. अॅल्युमिनियमचा पत्राही या लाकडाला लागू देऊ नये.

तपासणी डेकखाली शिरून, बॅटरीच्या उजेडात करावी. स्क्रू ड्रायव्हरचे टोक फळीत सहज रुतले, तर लाकूड कुजले आहे. गंजाचे ओघळ, फळी आणि भिंत यांत पडलेली फट, वासे फळीला धरून ठेवणाऱ्या धातूच्या हँगरची मोकळी राहिलेली भोके हीही धोक्याची लक्षणे होत. तळघरातून तुळईवरचे ओलीचे डाग पाहावेत. बोल्टचे माथे कुठेच दिसत नसतील, फक्त खिळेच दिसत असतील, तर जाणकाराने पाहीपर्यंत डेकवर कोणाला जाऊ देऊ नये.

16 जून 2015 रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एका इमारतीची बाल्कनी कोसळून 6 जण दगावले. ती लेजरवर टेकलेली नव्हती, पण झाकलेले वासे असेच पाणी मुरून कुजले होते. 2018 मध्ये त्या राज्याने तीन किंवा अधिक घरे असलेल्या भाड्याच्या इमारतींतील अशा उंच लाकडी भागांची दर सहा वर्षांनी तपासणी सक्तीची केली. स्वतंत्र घरांना हा कायदा लागू नाही.