पाकीट उघडलं आणि...

'सीलबंद लिफाफा' हे शब्द बातमीत दिसले की मला एलेन नॉफ ही बाई आठवते.

मूळची जर्मनीची. हिटलरच्या काळात आधी चेकोस्लोव्हाकिया, मग निर्वासित म्हणून इंग्लंड. युद्धात ब्रिटिश हवाई दलात काम केलं, नंतर जर्मनीत अमेरिकी लष्करी खात्यात नोकरी. १९४८ मध्ये कर्ट नॉफ या अमेरिकी माजी सैनिकाशी लग्न. सैनिकांच्या परदेशी बायकांना अमेरिकेत येणं सोपं जावं म्हणून १९४५ चा खास कायदा होता. त्याच भरवशावर ऑगस्ट १९४८ मध्ये ती न्यूयॉर्कला पोचली आणि थेट एलिस बेटावर अडकली. कारण? देशाच्या सुरक्षेला धोका. पुरावा? गुप्त. सुनावणी? नाहीच.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. जानेवारी १९५० मध्ये ४ विरुद्ध ३ अशा मतांनी ती हरली. बहुमत म्हणालं, बाहेरून येणाऱ्या परक्या माणसासाठी संसद जी पद्धत ठरवेल तोच न्याय. न्यूरेम्बर्ग खटल्यात नाझींवर आरोप ठेवणारे न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन विरोधात गेले. त्यांच्या म्हणण्याचं सार असं, की गुप्ततेच्या आडून कुणीही खोडसाळ किंवा अर्धवट माहितीचा माणूस खबऱ्या होऊ शकतो, आणि तो कधी पकडला जात नाही.

पुढे वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला, आणि मार्च १९५१ मध्ये अखेर सुनावणी झाली. आपल्यावर चेक अधिकाऱ्यांना गुप्त माहिती पुरवल्याचा आरोप आहे, हे साक्षीदारांच्या तोंडून तिने तेव्हा ऐकलं. खालच्या मंडळाने तिला प्रवेश नाकारलाच. पण ऑगस्टमध्ये अपील मंडळाने तोच पुरावा तपासला आणि सांगितलं, ही ऐकीव माहिती आहे, तिला दुजोरा नाही. नोव्हेंबरमध्ये तिला प्रवेश मिळाला. तीन वर्षांहून जास्त काळ गेला होता.

आता खरी गोम बघा. एलेन सुटली, पण १९५० चा तो निकाल कधी रद्द झाला नाही. २०२४ मध्ये एका अमेरिकी बाईच्या परदेशी नवऱ्याचा व्हिसा नाकारला गेला, तेव्हाही कोर्टाने त्याचाच आधार घेतला.

आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्ये 'मीडिया वन' या मल्याळम वाहिनीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सीलबंद लिफाफ्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. चांगलं झालं. कारण काही गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात हे मलाही मान्य आहे, पण गुप्त आहे म्हणून पुरावा पक्का असतो असं नाही. एलेनचं पाकीट उघडलं, तेव्हा आत नुसत्या ऐकीव गोष्टी निघाल्या. जी पाकिटं उघडलीच नाहीत, त्यांचं काय?