तान्हुल्याची वेदना आणि आईची मांडी

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांतील अड्याळ घ्या किंवा दुसरें कोणतेंहि गांव घ्या. मूल जन्मास आलें, कीं थोड्याच अवधींत त्यास सुई टोचावी लागते. क्षयापासून रक्षण करणारी बी. सी. जी. लस दंडावर आणि काविळीची लस मांडींत देतात. रक्तस्राव होऊं नये म्हणून 'के' जीवनसत्त्वहि टोचतात. हें सर्व त्याच्या हिताचेंच आहे. परंतु त्या वेळीं त्या चिमुकल्या जिवास जें दुखतें, त्याची जाणीव वैद्यकास कशी होत गेली, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांस ही जाणीव होती. सुश्रुतसंहितेंत कर्णवेधाचा विधि सांगितला आहे. सहाव्या किंवा सातव्या महिन्यांत बालकास दाईच्या मांडीवर बसवावें, खेळणीं दाखवून त्याचें मन रमवावें, त्याचें सांत्वन करावें आणि मग कान टोचावा, असें तेथें म्हटलें आहे. सुई वैद्याची, पण बालक मांडीवरच राहावयाचें.

अर्वाचीन काळीं मुंबईंत इ. स. १८०२ च्या जून महिन्यांत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानांतील ती पहिलीच. पुढें देवी टोचणें खेडोपाडीं पोंचलें. रोग हटविणें हें त्या वेळचें मोठें कार्य होतें. मुलाचें रडणें त्यापुढें क्षुल्लक वाटे.

विसाव्या शतकांत या उपेक्षेस शास्त्राचाहि आधार मिळाला. इ. स. १९४१ सालीं अमेरिकेंत मर्टल मॅकग्रॉ या विदुषीनें अर्भकांस टांचणी टोचून त्यांच्या हालचाली पाहिल्या. नवजाताचा मेंदू अपक्व असल्यामुळें त्यास वेदनेची खरी जाणीव नसावी, असा समज अशा निरीक्षणांतून दृढ झाला. परिणामीं १९८० च्या सुमारापर्यंत पाश्चात्य देशांतील कित्येक रुग्णालयांत नवजात अर्भकांवर पुरेशी भूल न देतांच शस्त्रक्रिया होत. औषधानें स्नायु मात्र शिथिल करून ठेवीत.

हा भ्रम दूर करणाऱ्यांत इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेले डॉ. कंवलजीतसिंग आनंद हे अग्रणी होत. ऑक्सफर्ड येथें त्यांनीं अकालीं जन्मलेल्या व हृदयाजवळील नलिका बंद करण्यासाठीं शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या अर्भकांचा अभ्यास केला. पुरेसें वेदनाशामक मिळालेल्या अर्भकांच्या शरीरावर कमी ताण पडला व त्यांना उपद्रवहि कमी झाले, हें त्यांनीं इ. स. १९८७ सालीं सिद्ध केलें.

मोठ्या शस्त्रक्रियेस औषध हवेंच. पण एका टोंचणीसाठीं तान्ह्या मुलास प्रबळ औषध देणें इष्ट नव्हे. मग उपाय कोणता? इ. स. २००० सालीं बोस्टन येथें टांचेंतून रक्त घेतांना नवजात मुलांस आईच्या उघड्या छातीशीं धरून ठेवण्यांत आलें. त्यांचें रडणें शेंकडा ८२ नें घटलें. इ. स. २००४ सालीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत काढून दिलेल्या आईच्या दुधानें, आणि इ. स. २०१३ सालीं गुजराथेंतील करमसद येथें अकालीं जन्मलेल्या अर्भकांत छातीशीं धरल्यानें, असाच आराम दिसून आला. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि इ. स. २०१५ सालीं लस टोचतांना मुलास कवेंत घ्यावें व शक्य तर अंगावर पाजावें, अशी शिफारस केली.

साखरेच्या पाण्यानेंहि मूल शांत होतें, परंतु मेंदूपर्यंत जाणारा वेदनेचा संदेश त्यानें थांबतोच असें नाहीं, असें इ. स. २०१० मधील एका प्रयोगांत आढळलें. म्हणून घरीं साखरपाणी देऊं नये. मध तर वर्षाच्या आंत मुळींच चाटवूं नये, त्यांतून घातक जंतुविकार होण्याचा धोका असतो.

आतां राहतो तो नित्याच्या रीतीचा प्रश्न. गर्दीच्या दिवशीं मूल आईपासून घेऊन मेजावर निजवितात, टोचतात, आणि रडूं लागल्यावर परत देतात. म्हणजे उपाय सुईच्या नंतर पोंचतो. तो आधीं पोंचावयास हवा. आईनें मुलास काहीं मिनिटें आधींच पदराखालीं घ्यावें, तें नीट पिऊं लागल्यावर परिचारिकेनें सुई टोचावी, आणि नंतरहि तें पीत राहावें. यास खर्च नाहीं. आईला बसावयास एक बाक आणि परिचारिकेस थोडा धीर हवा. सुश्रुतानें सांगितलेली मांडी अड्याळच्या प्रत्येक आईपाशीं आहे. सुईच्या वेळीं मूल तिच्यावरून उचललें जाऊं नये, येवढेंच.