विहिरीवरचा तवंग आणि खालचं पाणी

निफाड तालुक्यातल्या आमच्या मळ्यात लहानपणी विहिरीच्या काठावर डिझेलचं इंजिन होतं. भरताना डिझेल सांडलं की पाण्यावर रंगीत तवंग यायचा. आजी तो हाताने बाजूला सारून घागर बुडवायची. म्हणायची, "खालचं पाणी चांगलंय." पुढे पीएचडीसाठी इंधनाने दूषित झालेलं भूजल हा विषय घेतला, तेव्हा कळलं की सफाईची सुरुवातीची पद्धतही साधारण आजीसारखीच होती.

पेट्रोल, डिझेल पाण्यापेक्षा हलकं. जमिनीवर सांडलं की झिरपत भूजलापर्यंत जातं आणि तिथे तरंगतं. म्हणून आधी एकच उपाय होता: खड्डा किंवा बोअर घ्या, वरचं इंधन उपसा, काम संपलं. पण बरंचसं इंधन मातीला धरून राहतं आणि त्यातलं बेंझिन हळूहळू पाण्यात विरघळतं. ते डोळ्यांना दिसत नाही. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात ठरवलेली मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम. हजार लिटरच्या टाकीत बेंझिनचा एक थेंब पडला तरी ती ओलांडली जाते.

मग १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या ॲम्बलर गावी पेट्रोलची पाईपलाईन फुटली. उपसून उपसून काही पेट्रोल उरलंच. तेव्हा रिचर्ड रेमंड या तेलकंपनीतल्या शास्त्रज्ञाने वेगळाच विचार केला. मातीत तेल खाणारे जिवाणू मुळातच असतात, त्यांना कमी पडतो तो प्राणवायू, नत्र आणि स्फुरद. त्याने बोअरमधून हवा आणि खत सोडलं. म्हणजे पिकाला देतो तसंच! १९७४ मध्ये त्याला या पद्धतीचं पेटंट मिळालं.

दुसरा धडा बेमिडजीचा. १९७९ च्या ऑगस्टमध्ये मिनेसोटा राज्यातल्या या गावाजवळ पाईपलाईन फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चं तेल सांडलं. सफाईनंतरही काही लाख लिटर जमिनीत राहिलं. १९८३ पासून शास्त्रज्ञ तिथे ठाण मांडून आहेत. त्यांना दिसलं की बेंझिन भूजलाच्या वेगाने पसरत नाही, जिवाणू ते वाटेतच खातात. १९९५ च्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासातही गळक्या टाक्यांचं बेंझिन बहुतेक ठिकाणी शंभर मीटरच्या आतच थांबलेलं आढळलं. यातून 'लक्ष ठेवा, निसर्गाला काम करू द्या' हा विचार रुजला.

वाचताना मलाही हायसं वाटलं. पण बेमिडजीची जमीन वाळूची आहे. आपल्याकडे वर मुरूम, खाली काळा खडक. पाणी खडकाच्या भेगांतून वाहतं. भेगेतलं पाणी वेगाने पळू शकतं आणि जिवाणूंना तेवढी सवड मिळत नाही. शेजारच्या दोन विहिरींना पाणी सारखं नसतं, हे कुठलाही शेतकरी सांगेल. मग शंभर मीटरचा भरवसा इथे कसा धरायचा? शिवाय आता आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ब्राझीलमधल्या संशोधनात दिसलं की जिवाणू आधी इथेनॉल खातात, प्राणवायू त्यातच संपतो आणि बेंझिन जास्त काळ टिकतं.

हा नुसता पुस्तकी प्रश्न नाही. मुंबईहून येणारी इंधनाची पाईपलाईन आपल्या जिल्ह्यातून मनमाडजवळच्या पानेवाडीला जाते. २०२१ मध्ये सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यातल्या सासवडला चोरट्यांनी अशाच एका पाईपलाईनला भोक पाडलं. पेट्रोल शेतात आणि विहिरींत उतरलं.

असं झालं तर पहिली गोष्ट म्हणजे वस्तीला पिण्याचं पाणी दुसरीकडून देणं. आसपासच्या मोटारीही लगेच बंद करायला हव्यात, कारण उपसा दूषित पाणी आपल्याकडे ओढतो. उपसायचंच तर गळतीपाशी, ठरवून, आणि ते पाणी शुद्ध केल्याशिवाय सोडायचं नाही. वास येणाऱ्या विहिरीत कुणी उतरू नये, काडी पेटवू नये. सफाई त्यानंतर.

त्यासाठी कुठल्या विहिरीचा झरा कुठल्या अंगाने येतो, हे आधीच माहीत असावं लागतं. सध्या मी मळ्यामळ्यांतून फिरून तेच नकाशावर टिपतोय. आमच्या विहिरीचा झरा उगवतीच्या अंगाने आहे, हे मला आजीनेच सांगितलं होतं. तवंगाच्या बाबतीत ती चुकली, झऱ्याच्या बाबतीत नाही.