‘सापडलं नाही’ म्हणजे ‘नव्हतं’ असं नाही: एक यॉट, एक बेट आणि १८७८ साल



समजा, तुमच्यासमोर विषय आला: ‘भूमध्य समुद्रातल्या बेटावर श्रीमंतांची यॉटवरून सहल’. वाशिममध्ये बसून यावर काय संशोधन करणार? इथून मुंबईचा समुद्र गाठायचा तरी अख्खी रात्र गाडीत काढावी लागते. पण विषय लांबचा वाटला म्हणून लगेच सोडू नका. आधी एकच प्रश्न विचारा: त्या बेटावर त्याच वेळी आणखी कोण होतं?

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ.

‘सनबीम’ नावाची एक यॉट होती. १८७४ मध्ये ती पाण्यात उतरली. तीन डोलकाठ्या, शिडं, आणि वारा पडला तर मदतीला वाफेचं इंजिन. मालक थॉमस ब्रासी, ब्रिटिश संसदेचे सदस्य. त्यांचे वडील रेल्वे बांधणारे बडे ठेकेदार, त्यामुळे पैशाला तोटा नव्हता. पत्नी ॲना ब्रासी प्रवासात नेमाने लिहायच्या. १८७६-७७ मध्ये हे कुटुंब मुलाबाळांसह याच यॉटवरून जगप्रदक्षिणा करून आलं. त्यावरचं पुस्तक १८७८ मध्ये निघालं आणि खूप खपलं. त्यात यॉटवरच्या माणसांची यादी आहे, आणि तिच्यात खलाशी-स्वयंपाक्यांचीसुद्धा नावं आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८७८ मध्येच ‘सनबीम’ पुन्हा भूमध्य समुद्रात गेली आणि सायप्रसलाही थांबली. ४ जून १८७८ च्या करारान्वये ऑटोमन साम्राज्याने या बेटाचा कारभार ब्रिटिशांकडे दिला होता. म्हणजे बेट नव्याने हाती आलेलं, आणि ते पाहायची इंग्रजांना उत्सुकता. या सफरीचं पुस्तक १८८० मध्ये आलं: ‘सनशाइन अँड स्टॉर्म इन द ईस्ट’. आजही ते सहज वाचायला मिळतं.

आता दुसरं जहाज. खरं म्हणजे जहाजांचा ताफाच.

रशिया-तुर्कस्तान युद्धानंतर रशियाला धाक दाखवायचा म्हणून पंतप्रधान डिझरायली यांनी १८७८ च्या एप्रिलमध्ये हिंदुस्थानातून फौज मागवली. सुमारे ७,००० सैनिक सुएझ कालव्यातून माल्टाला नेण्यात आले. त्यांत मुंबई प्रांताच्या फौजेतल्या तुकड्याही होत्या. पुढे जुलैमध्ये यातलेच काही सैनिक सायप्रसला उतरवले गेले. यॉट तिथे पोचली तोवर ते परतीच्या वाटेला लागलेसुद्धा होते.

बेट तेच, वर्ष तेच. ॲनाबाईंनी काय पाहिलं याचं जाडजूड पुस्तक आहे. आणि शिपायाला काय दिसलं? बोटीवर स्वयंपाकाचं कसं जमवलं, घरी काय निरोप धाडला? यावर त्यांचं पुस्तक नाही. यॉटवरच्या स्वयंपाक्याचं नाव छापलं गेलं, फौजेतला शिपाई मात्र आकड्यात गेला.

इथे विज्ञानवाल्यांनी कान टवकारायला हवेत. बोअरच्या पाण्याचा नमुना तपासायला दिला आणि अहवालात ‘आढळले नाही’ असं आलं, तर आपण तिथे शून्य लिहितो का? नाही. आपण म्हणतो, प्रमाण उपकरणाच्या डिटेक्शन लिमिटच्या खाली आहे. असलंच, तरी या उपकरणाला ते दिसणार नाही. दप्तरखाना हेसुद्धा एक उपकरणच आहे. ज्याच्याकडे शिक्षण, फुरसत आणि प्रकाशक होता, तो त्यात ठळक दिसतो. बाकीचे लिमिटच्या खाली.

मग करायचं काय? उपकरण बदलायचं.

पहिलं, पैशाचा माग काढा. संसदेला न विचारता हिंदी फौज युरोपात आणली, म्हणून मे १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेत मोठा वाद झाला. वाद झाला की कागद तयार होतो. त्यात फौजेचे आकडे मिळतात, खर्च मिळतो.

दुसरं, वर्तमानपत्रं. पण इथे जपून. १४ मार्च १८७८ ला देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा झाला होता. फौज निघाली ती त्यानंतर काही आठवड्यांनी. त्यामुळे एखाद्या मराठी पत्रात टीका दिसली नाही, तर संपादकाला मान्य होतं असा अर्थ लावू नका. तोंड दाबलेलं असू शकतं. मुंबई सरकार देशी पत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे करवून घ्यायचं, तेही पाहा. ते सरकारसाठी केलेले आहेत, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

तिसरं, ॲनाबाईंचंच पुस्तक उलट्या बाजूने वाचा. सामान कोण उचलतंय, घोडा कोण धरतंय, तंबू कोणी ठोकला, यावर खुणा करत जा. लेखिकेला जे लिहावंसं वाटलं त्यापेक्षा जे सहज लिहून गेलं, ते कधीकधी जास्त कामाचं असतं.

‘सनबीम’ १८८७ मध्ये मुंबईलाही आली होती. त्याच प्रवासात, सप्टेंबरमध्ये, ॲना ब्रासी वारल्या आणि त्यांना समुद्रातच मूठमाती दिली गेली. त्यांचं शेवटचं पुस्तक १८८९ मध्ये निघालं. त्यांना दोष द्यायचं कारण नाही. त्यांनी लिहिलं म्हणून निदान एक बाजू आपल्याकडे आहे.

आता तुमच्या विषयाची वही उघडा. ‘माहिती उपलब्ध नाही’ असं जिथे लिहिलंय, तिथे पुढे एक ओळ वाढवा: कुठे शोधली, आणि तिथे ती का नसावी. मार्गदर्शकांना प्रस्ताव दाखवायच्या आधी एवढं कराच. बऱ्याचदा खरा विषय त्या ओळीतच सापडतो.