६७६ विरुद्ध ३३८, आणि घाटकोपरची एक मंडळी

ऑगस्ट २००९ मध्ये मी मिनियापोलिसला ऑनसाइट होतो. १९ तारखेला, बुधवारी दुपारी, जेवण आटपून जागेवर आलो तर सगळे खिडकीपासून लांब, आतल्या पॅसेजमध्ये गोळा झालेले. डाउनटाउनमध्ये टोर्नॅडो आला होता म्हणे. आपल्याला पाऊस, पूर, लोकल बंद हे सगळं पाठ. टोर्नॅडो मात्र फक्त सिनेमात पाहिलेला. पाच-दहा मिनिटांत सगळं शांत झालं. संध्याकाळी कळलं की कन्व्हेन्शन सेंटरच्या छताचं थोडं नुकसान झालंय आणि शेजारच्या सेंट्रल लुथरन चर्चच्या मनोऱ्याचं टोक मोडलंय.

आता गंमत अशी की त्याच कन्व्हेन्शन सेंटरमध्ये त्याच आठवड्यात इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका (पुढे आपण नुसतं ईएलसीए म्हणू) या संस्थेचं अधिवेशन चालू होतं आणि विषय होता समलैंगिकता. शहरातल्याच एका प्रसिद्ध बाप्टिस्ट पाळकांनी ताबडतोब ब्लॉगवर लिहून टाकलं की हे वादळ म्हणजे देवाने दिलेला इशारा आहे. लुथरन लोकांनी मात्र वादळ ओसरल्यावर काम पुढे चालू केलं आणि मतदान घेतलं.

लैंगिकतेवरचं जे धोरणपत्र मांडलं होतं, त्याला दोन-तृतीयांश बहुमत हवं होतं. मतं पडली ६७६ विरुद्ध ३३८. बेरीज करा: १०१४. त्याचे दोन-तृतीयांश? बरोबर ६७६! एक माणूस इकडचा तिकडे गेला असता तर ठराव पडला असता. टेस्टर लोक ज्याला बाऊंडरी कंडिशन म्हणतात ती इतकी स्वच्छ मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

आणि त्या पत्रात लिहिलं काय होतं? तर, या प्रश्नावर आमचं एकमत नाही. खरंच. समलिंगी नात्यांबद्दल चार वेगवेगळ्या भूमिका त्यात दिल्या होत्या आणि या चारही भूमिका लोक आपापल्या सदसद्विवेकबुद्धीला बांधील राहून घेतात, सबब एकमेकांना धरून राहू, असा एकूण सूर होता. सदसद्विवेकबुद्धी हा लुथरनांचा हळवा कोपरा. १५२१ मध्ये वर्म्सच्या सभेत सम्राटासमोर उभं राहून मार्टिन लुथरने माघार नाकारली ती याच मुद्द्यावर. पण खरा बदल दोन दिवसांनी, शुक्रवारी झाला. आजन्म, एकनिष्ठ समलिंगी नात्यात असलेल्या व्यक्तीला पाळक होता येईल, हा ठराव ५५९ विरुद्ध ४५१ मतांनी मंजूर झाला. त्याला साधं बहुमत पुरेसं होतं.

मग फुटाफूट. ईएलसीएचे तेव्हा सुमारे ४५ लाख सभासद आणि दहा हजारांवर स्थानिक मंडळ्या होत्या. एखाद्या मंडळीला बाहेर पडायचं असेल तर नियम असा: एकदा दोन-तृतीयांश मतांनी ठराव करायचा, निदान नव्वद दिवस थांबायचं आणि पुन्हा दोन-तृतीयांश मतं मिळवायची. (घटस्फोटाच्या अर्जासारखंच, विचार करायला वेळ!) पुढच्या दोन-तीन वर्षांत सहाशेच्या वर मंडळ्या या वाटेने बाहेर पडल्या. ऑगस्ट २०१० मध्ये ओहायोत नॉर्थ अमेरिकन लुथरन चर्च हे नवं चर्चच स्थापन झालं. काही जण त्यात गेले, तर काही एलसीएमसी नावाच्या दुसऱ्या गटात. हा दुसरा गट २००१ सालचा, म्हणजे समलैंगिकतेच्या ठरावाच्या आठ वर्षं आधीचा. तो फुटला होता बिशपांच्या अधिकारावरून. एपिस्कोपल चर्चशी करार झाला, त्यात बिशपांचं महत्त्व वाढतंय असं वाटलं, म्हणून. त्याच्याही मागे जा. १९७० च्या दशकात मिसूरी सिनडमध्ये बायबल कसं वाचायचं, शब्दशः की ऐतिहासिक संदर्भात, यावरून सेमिनरीच दुभंगली आणि तिथून बाहेर पडलेले लोक पुढे ईएलसीएमध्ये आले. माझं मत विचाराल तर २००९ ला भिंत पडली, पण तडे जुने होते.

बायबल कसं वाचायचं हा प्रश्न किती शब्दशः आहे बघा. करिंथकरांस पहिल्या पत्रात सहाव्या अध्यायात पापांची एक यादी आहे, त्यात एक दुर्मिळ ग्रीक शब्द येतो. लुथरने स्वतः जर्मनमध्ये त्याचं भाषांतर 'पोरांना नासवणारे' अशा अर्थाच्या शब्दाने केलं. १९४६ च्या एका इंग्रजी भाषांतराने तिथे सरळ 'होमोसेक्शुअल्स' घातलं. एकच ओळ, पण पहिलं भाषांतर वाचून लहान मुलांवरचा अत्याचार डोळ्यासमोर येतो, आणि दुसरं वाचून तुमच्या शेजारच्या क्यूबिकलमधला माणूस.

तर त्या क्यूबिकलमधल्या माणसाबद्दल.

माझा एक मित्र तेव्हा अंधेरीला सीप्झमध्ये होता, आमच्याच प्रोजेक्टच्या ऑफशोअर टीममध्ये. घाटकोपरचा, मराठी ख्रिश्चन, मूळ घर नगरचं. (त्याला विचारून लिहितोय. 'नाव सोडून सगळं लिही' म्हणाला.) मी त्याला जीटॉकवर मोडलेल्या मनोऱ्याचा फोटो पाठवला आणि गंमत म्हणून मतांचे आकडेही. एरवी स्मायली टाकून मोकळा होणारा माणूस. त्या दिवशी बराच वेळ काही नाही. मग विचारलं, "हात वर करून मतदान केलं की गुप्त?"

मला प्रश्नच कळला नाही. तो कळला सात-आठ महिन्यांनी, परत आल्यावर.

त्याच वर्षी २ जुलैला दिल्ली हायकोर्टाने कलम ३७७ बद्दलचा निकाल दिला होता. मिनियापोलिसच्या जेमतेम सात आठवडे आधी. हे कलम आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेतून आलं, मसुदा मेकॉलेच्या कमिशनचा, आणि त्याचं मूळ इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या १५३३ च्या कायद्यात. म्हणजे रोमशी फारकत घेताना ज्या राजाने चर्चच्या कोर्टातलं हे पाप उचलून सरकारी गुन्ह्यांत आणून टाकलं, त्याची ही देणगी. निकालाविरुद्ध सुप्रीम कोर्टात जे अपिलात गेले त्यांत एक ज्योतिषी होते, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होतं, आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल व अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स या ख्रिस्ती संस्थाही. सर्वधर्मसमभाव म्हणतात तो असाही दिसतो!

निकालानंतरच्या रविवारी माझ्या मित्राच्या देवळात (नगरकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात) यावर उपदेश झाला. तो क्वायरमध्ये, पुढच्या रांगेत बसलेला. उपदेशात कुणाचं नाव नव्हतं. पण पुढच्या महिन्यात क्वायरच्या प्रॅक्टिसची वेळ बदलली आणि ती त्याला कुणी कळवली नाही. तो चुकीच्या वेळी गेला, बंद दार पाहून परत आला. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा तो गेला नाही. ना ठराव, ना मतदान, ना नव्वद दिवस.

इथे जरा इतिहास उगाळतो, कारण मला खरा धक्का पुढे बसला. मुंबई-नगरकडे लुथरन जवळपास नव्हतेच. ते १७०६ मध्ये तरंगमबाडीला उतरले आणि दक्षिणेत, आंध्रात, छोटा नागपुरात पसरले. आपल्या सर्वांत जवळचे म्हणजे छिंदवाड्याचे. सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी पट्ट्याला लागून असलेल्या या भागात १८७७ पासून स्वीडनची एक लुथरन मिशन काम करत होती. तीच मिशन इथिओपियातही गेली आणि तिथे पुढे मेकाने येसूस हे प्रचंड मोठं चर्च उभं राहिलं. ऑक्टोबर २००९ मध्ये चर्च ऑफ स्वीडनने समलिंगी विवाह लावायला मान्यता दिली आणि २०१३ मध्ये मेकाने येसूसने स्वीडनशी आणि अमेरिकेच्या ईएलसीएशीही संबंध तोडले. लेकीने आईशी, असंच म्हणायला हवं.

नगरची गोष्ट वेगळी. तिथे होती अमेरिकन मराठी मिशन. हे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये नगरला गेले, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केला. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना रेव्हरंड टिळकांमुळे ही मिशन ठाऊक असेल. ही मंडळी काँग्रिगेशनल पंथाची, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळी आपापली मालक. १९७० मध्ये, २९ नोव्हेंबरला, नागपूरला सहा चर्चेस विलीन होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात या मराठी मंडळ्याही आल्या. तिकडे अमेरिकेत त्यांच्या मातृसंस्थेचं १९५७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट झालं होतं.

आणि या युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टने जून १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात एका उघड समलिंगी माणसाला पाळकपदाची दीक्षा दिली. अमेरिकेतल्या मुख्य प्रवाहातल्या चर्चेसमधली ती पहिलीच मानतात. लुथरनांच्या सदतीस वर्षं आधी! म्हणजे ज्यांच्या पूर्वसूरींनी माझ्या मित्राच्या खापरपणजोबांना नगरला बाप्तिस्मा दिला, त्यांच्या वारसांनी तो जन्मायच्याही आधी हा प्रश्न आपल्यापुरता सोडवून टाकला होता. नगरच्या आणि घाटकोपरच्या मंडळ्या तोवर दीडच वर्षापूर्वी वेगळ्या घरात राहायला गेल्या होत्या. तो निरोप इकडे पोचलाच नाही. मी हे शोधून त्याला सांगितलं तेव्हा तो खूप वेळ हसला. मग म्हणाला, "दीड वर्षाने हुकलं रे."

पण हे खरं नाही, हे त्यालाही माहीत होतं. ते विलीनीकरण झालं नसतं तरी घाटकोपरला काही १९७२ उजाडलं नसतं.

आपल्याकडे चर्च फुटत नाहीत असं मात्र कुणी समजू नये. आम्ही सीप्झमध्ये असताना जेवणानंतर कधी कधी फिरत त्या पडक्या चर्चपर्यंत जायचो. १५७९ चं, पोर्तुगीज जेझुइटांनी बांधलेलं. १८४० च्या साथीत गाव उठून मरोळला गेलं आणि चर्च झाडांच्या मुळांत अडकून राहिलं. या सगळ्या साष्टी-मुंबई पट्ट्यातले कॅथलिक १७९४ पासून १९२८ पर्यंत दोन तटांत होते. एकाचा बिशप पोर्तुगालच्या राजाच्या हक्काने, गोव्याच्या बाजूचा. दुसऱ्याचा थेट रोमने नेमलेला. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये रोमचे बिशप हार्टमन स्वतःला कोंडून घेऊन बसले होते आणि बाहेर दुसऱ्या बाजूच्या लोकांचा वेढा पडला होता! एका गावात दोन चर्चेस, दोन दफनभूम्या, सोयरिकीत अडचणी. शंभराहून जास्त वर्षं. श्रद्धेचा मुद्दा त्यात एकही नव्हता. चावी कुणाकडे, एवढाच.

म्हणून मला वाटतं, चर्च फुटायला निदान दोन बाजू लागतात आणि दोघींना बोलायची सोय लागते. मिनियापोलिसला ती होती. इथे बोलणं झालं ते वरच्या मजल्यावर. डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निकाल फिरवला तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ग्रेशस जाहीरपणे म्हणाले की समलैंगिक लोकांना चर्च गुन्हेगार मानत नाही. विवाहाला मात्र त्यांचा विरोध होता. ३७७ चं समर्थन करणाऱ्या ख्रिस्ती संस्था कोर्टात उभ्या असताना हे बोलणं सोपं नव्हतं, त्याचं श्रेय द्यायला हवं. नागपूरला मुख्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसने, जिच्यात लुथरनही आहेत आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाही, लैंगिक विविधतेवर काम करणारा एक मंच उभा केला. ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ चा प्रश्न कोर्टापुरता मिटला. पण मंच, परिषदा, निवेदनं, यातलं काहीही रविवारी सकाळी नऊच्या उपासनेपर्यंत उतरत नाही. क्वायरच्या प्रॅक्टिसची वेळ कुणी कळवायची, हे निवेदनात नसतं.

मित्र आता मुलुंडला राहतो, माझ्यापासून दोन स्टॉप. जोडीदाराबरोबर. दोघांचं भाडेपत्र 'मित्र' म्हणून झालंय. २०१० पासून तो एकाही देवळात गेलेला नाही. मी एकदा म्हटलं, अरे, एवढी चर्चेस आहेत मुंबईत, दुसरं बघ. तर म्हणाला, "मला दुसरं नकोय. मला मराठी गाणी पाठ आहेत, ती तिथेच म्हणतात."

नाताळात त्याच्या आईकडून दरवर्षी डबा येतो: करंज्या, शंकरपाळे आणि केक. यंदा डबा घ्यायला मीच घाटकोपरला गेलो होतो. चहा घेता घेता काकूंनी ड्रॉवरमधून पावत्यांची चळत काढली, कशासाठी तरी. मंडळीच्या मासिक वर्गणीच्या पावत्या. वर त्याचं नाव. म्हटलं, काकू, हा तर जात नाही ना?

"तो जात नाही," त्या म्हणाल्या. "पण नाव कमी करायचं तर मीटिंगमध्ये कारण लिहावं लागतं. मी पैसे भरते, मग कुणी विचारत नाही."