हरिजन ते दिव्यांग : गोड नावे आणि नाकारलेला हिस्सा

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या कोणत्याही गावात जा, अपंग माणसाबद्दल दोन भाषा ऐकायला मिळतात. एक पारावरची. तिथे माणसाला आईबापाने ठेवलेले नाव उरत नाही. लंगड्या, आंधळ्या, बहिरा, थोटा, मुकी, येडी हीच त्याची हाक आणि हीच ओळख. दुसरी भाषा ग्रामपंचायतीच्या फलकावरची. तिथे पूर्वी 'अपंग कल्याण' असे लिहिलेले असे, आता 'दिव्यांग कल्याण' असते. पहिली भाषा अपमान करते, दुसरी गौरव करते. पण ग्रामपंचायतीच्या पायऱ्या तेवढ्याच उंच आहेत. प्रमाणपत्रासाठीचे हेलपाटे चुकलेले नाहीत.

काहीजण म्हणतील, नाव चांगले दिले तर तुमचे काय बिघडले? आम्हा आंबेडकरवाद्यांना हा प्रश्न नवा नाही. नव्वद वर्षांपूर्वी हाच प्रश्न आमच्या बापजाद्यांना विचारला गेला होता. म्हणून अपंगत्वाच्या शब्दांकडे पाहताना आम्ही त्या इतिहासातूनच दोन प्रश्न घेऊन येतो. हे नाव दिले कोणी? आणि या नावामुळे जबाबदारी कोणावर येते?

मनूने काय सांगितले?

सुरुवात मनुस्मृतीपासूनच करावी लागते. नवव्या अध्यायाच्या २०१व्या श्लोकात वारसाहक्क नाकारलेल्यांची यादी आहे. नपुंसक, पतित, जन्मांध, बहिरा, वेडा, जड बुद्धीचा, मुका आणि इंद्रियहीन अशा माणसांना वडिलांच्या मालमत्तेत हिस्सा नाही. पुढचाच श्लोक सांगतो की त्यांना अन्नवस्त्र मात्र द्यावे. अकराव्या अध्यायात कारण दिले आहे. या आणि मागच्या जन्मीच्या पापांमुळे माणसे जड, मुकी, आंधळी, बहिरी आणि विद्रूप होतात.

आता याच ग्रंथाचा चौथा अध्याय पाहा. १४१वा श्लोक म्हणतो की अंगहीन, अधिक अंगाच्या, विद्याहीन, वृद्ध, कुरूप, निर्धन आणि हीन जातीच्या माणसाला त्यावरून टोचून बोलू नये. मनुवादी मंडळी हा श्लोक मोठ्या कौतुकाने दाखवतात. आम्हीही तो दाखवतो, कारण सगळी व्यवस्था त्यातच उघडी पडते. तोंडाने टोचू नका, पोटाला घाला, पण हिस्सा देऊ नका. सभ्य शब्द, भीक आणि बेदखली यांचा मेळ कसा बसतो, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार? आणि अंगहीन माणूस व हीन ठरवलेल्या जातीचा माणूस एकाच ओळीत बसवले आहेत, हेही तरुणांनी विसरू नये.

हे सगळे पोथीत बंद राहिले असे समजू नका. इंग्रजांच्या न्यायालयांनी हिंदू कायद्याच्या नावाखाली अपंग वारसांना बेदखल करणारे हे नियम मान्य केले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. १९२८ साली कायदा करून बहुतेक अपंगांवरची वारसाबंदी उठवली गेली, तरी जन्मापासून वेडे किंवा मतिमंद मानलेल्यांवर ती राहिलीच. बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलाचे तुकडे करून पुढे जे कायदे आले, त्यांतला १९५६चा वारसा कायदा. त्याच्या २८व्या कलमाने रोग, व्यंग किंवा विद्रूपता या कारणावरून कोणाचाही वारसाहक्क काढता येणार नाही असे ठरवले. म्हणजे अपंग माणसाला बापाच्या जमिनीत हिस्सा मिळाला तो कायद्याच्या एका कलमाने. कोणी त्याला देवाचा लाडका म्हटले म्हणून नाही.

जानेवारी १९३८

१९३२च्या पुणे करारानंतर गांधीजींनी अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द रूढ केला. फेब्रुवारी १९३३मध्ये त्याच नावाचे साप्ताहिक निघाले. शब्द गोड होता, संतवाणीतून आलेला होता. पण तो अस्पृश्यांच्या संघटनांना विचारून ठरवला गेला नव्हता.

जानेवारी १९३८मध्ये मुंबई विधिमंडळात काँग्रेस सरकारने लोकल बोर्डांच्या कायद्यात दुरुस्ती आणली आणि अनुसूचित जातींसाठी 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालू पाहिला. बाबासाहेब आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने कडाडून विरोध केला. दादासाहेब गायकवाडांनी विचारले की अस्पृश्य जर हरीचे जन असतील, तर बाकीचे कोणाचे? बाबासाहेबांचा मुद्दा असा होता की या नावाने अस्पृश्यांची स्थिती तिळमात्र सुधारलेली नाही आणि ज्यांना नाव द्यायचे त्यांचे मत घेतले गेलेले नाही. सरकारने बहुमताच्या जोरावर आपलेच खरे केले. तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी सभागृहातून बाहेर पडले.

चवदार तळ्यासाठी आणि काळाराम मंदिरासाठी लढलेला नेता एका शब्दासाठी सभात्याग करतो, याचा अर्थ समजून घ्यायला हवा. 'हरिजन' या शब्दात अन्याय करणारा दिसतच नव्हता. हरी दिसत होता, त्याचे जन दिसत होते. पाणी अडवणारा सवर्ण मात्र शब्दातून अलगद गायब झाला होता. १९८२ साली केंद्र सरकारलाच परिपत्रक काढून हा शब्द वापरू नये असे सांगावे लागले. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आज अपमानासाठी वापरला जातो असे म्हटले.

याउलट बाबासाहेबांनी स्वतः निवडलेले शब्द पाहा. १९२०चा 'मूकनायक', १९२४ची 'बहिष्कृत हितकारिणी सभा', १९२७चा 'बहिष्कृत भारत'. बहिष्कृत म्हटले की लगेच प्रश्न येतो, बहिष्कार घातला कोणी? 'मूकनायक'मधला मूक समाज जन्मतः मुका नव्हता, त्याचे तोंड बांधले गेले होते. पुढे १९७२मध्ये पँथरने 'दलित' शब्द छातीवर मिरवला. दळला गेलेला. मग दळणारा कोण? चांगला शब्द कानाला गोड लागतोच असे नाही. तो जबाबदार माणसाकडे बोट दाखवतो.

दिव्यांग म्हणजे कोण?

२७ डिसेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये 'विकलांग' ऐवजी 'दिव्यांग' म्हणावे असे सुचवले. पाहता पाहता खात्यांची, योजनांची आणि फलकांची नावे बदलली. अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अनेक संघटनांनी तेव्हाच विरोध केला, की आमच्या शरीरात दिव्य असे काही नाही, आम्हाला हक्क हवेत. २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीनेही भारताबद्दलच्या निरीक्षणांत हा शब्द वादग्रस्त असल्याची नोंद केली.

मनूच्या अकराव्या अध्यायात अपंगत्व हे पाप आहे. 'दिव्यांग' या शब्दात ते दैवी देणे आहे. वरवर पाहता ही दोन टोके वाटतात, पण नाणे एकच आहे. पाप म्हणा की प्रसाद म्हणा, कारण आकाशात गेले. मग रस्ता, शाळा, दवाखाना आणि एसटी यांना कोणी काही विचारायचे नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त याच कारणासाठी फेटाळला. गरीब आणि हीनदीनांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला व समाजाला टाळता यावी, याखेरीज त्या सिद्धान्ताचा दुसरा हेतू त्यांना दिसला नाही. त्याच ग्रंथात राजगृहाच्या सुप्रबुद्ध या कुष्ठरोग्याची कथा आहे. गर्दी पाहून काही खायला मिळेल म्हणून तो तिथे येतो आणि तथागत त्याला धम्म सांगतात. ते त्याला पापी म्हणत नाहीत, दिव्यही म्हणत नाहीत. धम्म समजू शकणारा माणूस म्हणून त्याच्याशी बोलतात.

२०१६चा अपंग हक्क कायदा या बाबतीत फलकाच्या पुढे आहे. त्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि सरकारी नोकरीतले आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्के केले. त्याची व्याख्या सांगते की दीर्घकाळाची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची उणीव आणि समाजातले अडथळे एकत्र आले की माणूस बरोबरीने सहभागी होऊ शकत नाही. १९७६मध्ये ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी हीच मांडणी केली होती, की आम्हाला समाज अपंग करतो.

आमच्या भागात हे समजायला पुस्तक लागत नाही. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात. त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. कुबडी घेऊन चालणाऱ्या बाईने हंडा कसा आणायचा? पाय अधू असणे ही शरीराची गोष्ट झाली. पाणी दोन किलोमीटरवर असणे ही सरकारची गोष्ट आहे. शेजारच्या अंबरनाथ तालुक्यात वांगणीला दृष्टिहीन कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यांतले कितीतरी जण लोकलमध्ये बारीकसारीक वस्तू विकून घर चालवतात. त्यांना दिव्य दृष्टीचे प्रशस्तिपत्र नको. फलाटाची कड पायाला कळेल अशी फरशी हवी.

शब्दावर मोजणी ठरते

शब्दांचा परिणाम केवळ मनावर होत नाही, आकड्यांवरही होतो. इंग्रजांच्या जनगणनेत १८७२ ते १९३१ अपंगांची मोजणी 'व्याधिग्रस्त' अशा अर्थाच्या रकान्यात होत असे. वेडे, मुकेबहिरे, आंधळे आणि कुष्ठरोगी असे चार गट होते. १९३१नंतर ही मोजणी थांबली आणि थेट १९८१ला परतली. १९९१ला पुन्हा वगळली. सगळ्या जातींची मोजणीही १९३१नंतरच थांबली, हे आम्हाला माहीत आहेच. ज्यांना मोजायचे नसते त्यांना द्यायचेही नसते.

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेचा जगासाठीचा अंदाज सुमारे १६ टक्के आहे. एवढा फरक कशाने पडतो? व्याख्येचा फरक आहे, तसाच प्रश्नातल्या शब्दांचाही आहे. 'घरात कोणी अपंग आहे का?' असे विचारले की लग्नाची मुलगी असलेले घर 'नाही' म्हणते. 'कोणाला चालायला, ऐकायला, दिसायला, लक्षात ठेवायला त्रास होतो का?' असे विचारले की माणसे बोलू लागतात. पारावरच्या शिवीने घरातले माणूस लपवले जाते आणि लपलेल्या माणसाच्या नावाने निधी येत नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबातले अपंग मूल तर घरातही सापडत नाही आणि कागदावरही.

मग काय करायचे?

आता जनगणना होऊ घातली आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि तिच्यात जातही मोजली जाणार आहे. आपले कार्यकर्ते जातीच्या रकान्यासाठी वस्त्यांवर जातीलच. त्याच फेरीत अपंगत्वाचा रकानाही समजावून सांगावा. सिकलसेल हाही कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांपैकी एक आहे, हे आदिवासी पाड्यांवर आवर्जून सांगावे.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उठून त्याचा हिशेब मागावा. त्यातून कोणाला काय मिळाले, हे नावानिशी वाचून दाखवायला लावावे.

२०१६च्या कायद्याचे ९२वे कलम पाठ करावे. लोकांदेखत अपंग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षे कैद होऊ शकते. या कलमाची शब्दरचना वाचताच ओळखीची वाटेल, कारण ती १९८९च्या अॅट्रॉसिटी कायद्याशी जवळपास जुळते. आमच्या लढ्याने मिळवलेले हत्यार दुसऱ्या शोषितांच्याही हाती आले, याचा आम्हाला अभिमान आहे.

मोर्चातल्या घोषणाही तपासाव्यात. 'आंधळे बहिरे सरकार' ही घोषणा रांगेतल्या अंध साथीला लागते, आणि ती मुळात खोटी आहे. सरकारला सगळे दिसते, सगळे ऐकू येते, तरीही ते करत नाही. त्याला आंधळे म्हणणे म्हणजे त्याला माफी देणे आहे.

आणि बुद्धविहाराच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधावा. १४ एप्रिलच्या मंचावर अपंग साथीला सत्काराची शाल देऊन खाली बसवू नये, भाषण करायला बोलवावे.

मग म्हणायचे तरी काय, असे कोणी विचारेल. ज्याचे नाव आहे त्याला विचारा. कोणी 'अपंग' म्हणवून घेईल, कोणी 'अंध', कोणी 'विकलांग', कोणी 'दिव्यांग'ही स्वीकारेल. तो अधिकार त्यांचा आहे. आम्ही फक्त एवढेच म्हणतो की गोड नाव दिल्यावर हिस्सा मागायचा थांबू नका. मनूनेही टोचून बोलू नका असेच सांगितले होते.

जय भीम!